चीनमध्ये दागिने कमी खपतात, तरी सोनं का चढतं?

प्रश्न जळगावच्या एका तरुण सराफाचा आहे. तो वडिलांबरोबर पेढीवर बसतो. त्याने लिहिलंय: ‘चीनमध्ये दागिन्यांचा खप घसरतोय अशा बातम्या दोन वर्षं वाचतोय. तिथली मध्यवर्ती बँक कधी खरेदी थांबवते, कधी पुन्हा सुरू करते. भाव मात्र चढतच राहिला. गिऱ्हाईक विचारतं, चीन थंडावला की उतरेल ना, मग थांबू का? चीनची मागणी बघून भावाचा अंदाज खरंच बांधता येतो का?’

बांधता येतो. पण ‘चीनची मागणी’ असा एकच आकडा धरून बसलात तर हमखास फसाल, आणि हे मी स्वतः फसून शिकलो आहे. ती गोष्ट पुढे सांगतो. चीनमध्ये सोनं घेणारे तीन निरनिराळे लोक आहेत: लग्नकार्यासाठी दागिना घेणारं कुटुंब, शिल्लक सोन्यात ठेवणारा माणूस आणि सरकार. भाव चढला की पहिला हात आखडता घेतो, दुसरा बहुतेक वेळा पुढे सरसावतो आणि तिसरा स्वतःच्या हिशेबाने चालतो. तुम्ही वाचलेली बातमी पहिल्याची आहे.

आकडे बघा. वर्ल्ड गोल्ड कौन्सिल या सोनेउद्योगाच्या जागतिक संस्थेच्या हिशेबाने २०२३ मध्ये चीनमध्ये ६३० टन सोन्याचे दागिने विकले गेले. २०२४ मध्ये हा आकडा ४७९ टनांवर आला. जवळजवळ चौथा हिस्सा गळाला आणि ५६३ टनांसह भारत पुढे निघून गेला. त्याच वर्षी बिस्किटं आणि नाणी यांची चिनी खरेदी मात्र २८० टनांवरून ३३६ टनांवर गेली. चायना गोल्ड असोसिएशनची मोजण्याची पद्धत वेगळी आहे, तरी चित्र तेच दिसतं. २०२५ च्या पहिल्या सहामाहीत त्यांच्या नोंदीप्रमाणे दागिने सुमारे २०० टन खपले, तर बिस्किटं आणि नाणी २६४ टन. दागिन्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या बाजारात बिस्किटाने दागिन्याला मागे टाकलं, ही माझ्या मते या दशकातली सोन्याची सर्वांत मोठी बातमी आहे. मथळे मात्र ‘खप घटला’ एवढंच सांगून थांबले.

आता त्या घटलेल्या खपाकडे सराफाच्या नजरेने पाहा. २०२४ मध्ये दागिन्यांचं वजन २४ टक्क्यांनी कमी झालं. त्या वर्षी सोन्याचा सरासरी भाव आदल्या वर्षापेक्षा साधारण २३ टक्क्यांनी वर होता. गुणाकार केला तर कळतं की चिनी कुटुंबांनी दागिन्यांवर खर्च केलेला पैसा फार तर सहा-सात टक्क्यांनी कमी झाला. तुमच्या पेढीवरही हेच होत असणार. गिऱ्हाईक ग्रॅम ठरवून येत नाही, पैसे ठरवून येतं. दोन लाखांत पूर्वी जेवढं वजन यायचं तेवढं आता येत नाही, म्हणून ते हलका हार घेतं. टनांचा आकडा पडतो, पण त्यावरून माणसाचं सोन्यावरून मन उडालं असं म्हणता येत नाही.

अर्थात सगळंच भावाच्या माथी मारू नये. चीनमध्ये लग्नंच कमी होऊ लागली आहेत. २०२३ मध्ये ७६.८ लाख विवाहांची नोंद झाली होती, २०२४ मध्ये ६१ लाखांची. एका वर्षात वीस टक्के घट. तिथे नवरीला ‘सान चिन’ म्हणजे ‘तीन सोनं’ द्यायची रीत आहे: अंगठी, गळ्यातली साखळी आणि हातातलं कडं किंवा कानातलं. ऐपत असेल तर तिनाचे पाच होतात. लग्नच झालं नाही तर हा सगळा माल कपाटातून हलत नाही, मग भाव काहीही असो. ही घट भाव उतरल्यावर भरून निघणारी नाही.

दुसरं कारण कसाचं आणि घडणावळीचं. आपल्याकडे दागिना बहुतेक बावीस कॅरेटचा. चीनमध्ये ‘शुद्ध सोनं’ म्हणून विकायचं तर किमान ९९ टक्के कस लागतो आणि दुकानात बहुतेक माल ९९९ चाच, म्हणजे ९९.९ टक्के कसाचा असतो. त्यामुळे तिथे दागिना आणि बचत यांत पूर्वी फारसा फरक नव्हता. कडं म्हणजे हातात घातलेलं बिस्कीटच. तो फरक अलीकडे पडला. ऑक्टोबर २०२५ मध्ये मोठ्या ब्रँडच्या दुकानांत दागिन्याच्या सोन्याचा भाव ग्रॅमला १,२०० युआनच्या वर गेला, तेव्हा शांघाय गोल्ड एक्स्चेंजवर कच्चं सोनं ९०० ते १,००० युआनच्या दरम्यान होतं. ग्रॅममागे दोनशेहून अधिक युआन मोडीत कोणी परत देत नाही, हे तिथल्या सुनेलाही कळतं आणि सासूलाही. म्हणून ज्याला सोनं हवंय पण दुकानाचा थाट नको, तो शेनझेनच्या शुइबेई या घाऊक बाजारात जातो, एक्स्चेंजच्या भावावर थोडी मजुरी देऊन माल उचलतो, नाहीतर सरळ बँकेत जाऊन बिस्कीट घेतो.

१ नोव्हेंबर २०२५ पासून हा फरक आणखी वाढला. चीनच्या अर्थखात्याने मूल्यवर्धित कराचे नियम बदलले. दागिने किंवा औद्योगिक कामासाठी एक्स्चेंजमधून सोनं उचलणाऱ्याला पूर्वी १३ टक्क्यांची वजावट मिळायची, ती आता ६ टक्क्यांवर आली. गुंतवणुकीच्या बिस्किटाला एक्स्चेंजच्या सदस्यांमार्फत सवलत राहिली. नियम २०२७ च्या अखेरपर्यंत आहे. म्हणजे सरकारने दागिना आणि बिस्कीट यांच्यात स्वतःच्या हाताने भिंत बांधली. पुढच्या काही तिमाहींत ‘चीनमध्ये दागिन्यांची मागणी आणखी घसरली’ असं वाचाल, तेव्हा त्यातला एक भाग या कराचा आहे हे लक्षात ठेवा.

सगळेच जवाहिरे मात्र रडत नाहीत. जुन्या राजवाडी पद्धतीने हाताने घडवलेलं, मंद झळाळीचं सोनं नगावर विकणारी लाओपू गोल्ड ही कंपनी जून २०२४ मध्ये हाँगकाँगच्या शेअर बाजारात आली आणि पडत्या खपातही तिच्या दुकानांपुढे रांगा लागल्या. कारागिरी खरोखर वेगळी असेल तर तिचे पैसे देणारं गिऱ्हाईक तिथे आहे. मधल्या मध्ये मेला तो साध्या मालावर जाड घडणावळ लावणारा.

आता दुसरा खरेदीदार, बचत करणारा. याला समजून घेतल्याशिवाय २०२४ आणि २०२५ ची तेजी समजत नाही. चिनी मध्यमवर्गाची शिल्लक एका पिढीभर घरांत जायची. एक फ्लॅट राहायला, दुसरा मुलासाठी, जमलं तर तिसरा भाव वाढेल म्हणून. २०२१ च्या डिसेंबरात एव्हरग्रांडे ही बलाढ्य बांधकाम कंपनी कर्ज फेडू शकली नसल्याचं जाहीर झालं, जानेवारी २०२४ मध्ये हाँगकाँगच्या न्यायालयाने ती गुंडाळायचा आदेश दिला, आणि घरांचे भाव वर्षानुवर्षं उतरत राहिले. शेअर बाजारावर लोकांचा भरवसा तसाही कमी. राहिली बँकेतली ठेव. मे २०२५ मध्ये मोठ्या सरकारी बँकांनी वर्षाच्या मुदत ठेवीचा दर एक टक्क्याखाली आणला. परदेशात पैसा न्यायचा तर सरकारची मर्यादा. अशा माणसाने शिल्लक ठेवायची कुठे? सोन्याला व्याज नाही हा आपला नेहमीचा आक्षेप तिथे बोथट झाला, कारण व्याज कुठेच उरलं नाही.

म्हणून तिथले विशीतले तरुण दर महिन्याला एकेक ग्रॅमचा सोन्याचा दाणा घेऊन काचेच्या छोट्या बाटलीत साठवायला लागले. मला हे चित्र फार जवळचं वाटतं. आपल्या आज्यांनी गुंज-गुंज करून वेढणी सोनं जमवलं, त्याच जातीची ही बचत आहे. याच काळात कागदी सोनंही वाढलं. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिका-चीन आयातशुल्काचा भडका उडाला, त्या महिन्यात चिनी गोल्ड ईटीएफमध्ये, म्हणजे शेअरसारख्या घेता येणाऱ्या सोन्याच्या फंडांत, विक्रमी पैसा आला. वायद्यात तर इतकी गर्दी झाली की शांघायच्या वायदे बाजाराला अनामत रक्कम वाढवावी लागली. २२ एप्रिलला जागतिक भावाने औंसाला ३,५०० डॉलर गाठले. त्याआधी फेब्रुवारीत सरकारने दहा विमा कंपन्यांना आपल्या मालमत्तेच्या एक टक्क्यापर्यंत सोनं घ्यायची परवानगी प्रायोगिक तत्त्वावर दिली होती. एक टक्का ऐकायला किरकोळ वाटतो, पण विमा कंपनी एकदा आली की चार दिवसांत नफा घेऊन जात नाही.

बचत करणारा भाव चढताना घेतो, हे पूर्वी असं नव्हतं. २०१३ आठवा. १५ एप्रिल २०१३ ला सोनं एका दिवसात नऊ टक्क्यांहून जास्त कोसळलं; तीस वर्षांत अशी पडझड झाली नव्हती. चीनभर ‘दामा’, म्हणजे आपल्याकडच्या काकू-मावश्या, दुकानांपुढे उभ्या राहिल्या आणि कपाटं रिकामी केली. त्याच वर्षी चीनने एकूण खरेदीत भारताला पहिल्यांदा मागे टाकलं: १,०६६ टन विरुद्ध आपले ९७५ टन. आपण त्या वर्षी आयातशुल्क दहा टक्क्यांवर नेलं होतं आणि आयातीवर ८०:२० ची अट, म्हणजे आणलेल्या सोन्यातलं वीस टक्के निर्यातीला द्यायची सक्ती, घातली होती, त्यामुळे दार आपल्याकडे लागलं आणि तिकडे उघडं राहिलं. पण एवढ्या प्रचंड खरेदीनंतर भावाचं काय झालं? जूनअखेर सोनं १,२०० डॉलरच्या खाली गेलं. ज्या काकूंनी १,४०० च्या आसपास घेतलं त्यांना तो डॉलरचा भाव ऑगस्टअखेर काही दिवस दिसला, मग पुन्हा बघायला २०१९ उजाडला. पश्चिमेतले फंड सोनं विकत होते आणि काकू ते झेलत होत्या. झेलणाऱ्याने पडणं सावरतं, पण चढ सुरू होत नाही. पडत्या भावात होणारी चिनी दागिन्यांची खरेदी ही अशी जमीन आहे. तिच्यावर शिडी कोण लावतो ते वेगळं बघावं लागतं.

आता मूळ मुद्दा: हे सगळं बघायचं कसं? तिमाही अहवाल येतो तेव्हा भाव दोन महिने पुढे गेलेला असतो. मी रोज एकच गोष्ट बघतो, शांघायचा चढा किंवा उतरता फरक, म्हणजे तिथला भाव लंडनच्या जागतिक भावापेक्षा किती वर किंवा खाली आहे. शांघाय गोल्ड एक्स्चेंजवर दिवसातून दोनदा, चीनच्या वेळेनुसार सकाळी १०:१५ आणि दुपारी २:१५ ला, युआनमध्ये ग्रॅमचा भाव निश्चित होतो. आपल्याकडे तेव्हा पावणेआठ आणि पावणेबारा वाजलेले असतात. २०१६ च्या एप्रिलपासून ही पद्धत आहे. तो भाव ३१.१०३५ ने (एका औंसात इतके ग्रॅम) गुणा आणि डॉलरमागच्या युआनच्या दराने भागा. समजा शांघायला ७८० युआन भाव आहे आणि डॉलर ७.२० युआनला आहे, तर हिशेब ३,३६९ डॉलर येतो. त्याच क्षणी लंडनचा भाव ३,३५० असेल तर शांघाय १९ डॉलरने चढा. असा पाच-पंधरा डॉलर चढा असणं नेहमीचं. तो शून्याखाली गेला तर तिथे माल पडून आहे. फार वर गेला तर काहीतरी अडलं आहे.

‘अडलं आहे’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो. सप्टेंबर २०२३ मध्ये हा फरक औंसामागे १०० डॉलरच्या वर गेला. इतका मी कधीच पाहिला नव्हता. मी एका सराफ मित्राला फोन करून सांगितलं, चीन तुटून पडलाय, साठा भर. त्याने माझ्या शब्दावर भरला. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सोनं १,८२० डॉलरपर्यंत उतरलं. नंतर पश्चिम आशियात युद्ध भडकलं आणि त्याचं नुकसान भरून निघालं, पण ते माझ्या अकलेने नव्हे. माझी चूक अशी: चीनमध्ये सोनं कुणालाही आणता येत नाही. ठरावीक बँकांनाच परवाना आहे आणि किती आणायचं याचा कोटा मध्यवर्ती बँक देते. त्या उन्हाळ्यात युआन घसरत होता, सोन्यासाठी डॉलर बाहेर जाऊ नयेत म्हणून कोटा आवळला गेला. तोटी बंद केली म्हणून हंड्यापुढे रांग लागली होती. तहान एकाएकी वाढली नव्हती. कोटा सैल झाल्याची बातमी आली आणि फरक काही दिवसांत ओसरला.

उलट दिशेचं उदाहरण ऑगस्ट २०२० चं. जागतिक भाव पहिल्यांदा २,००० डॉलरच्या वर गेला आणि शांघाय मात्र लंडनपेक्षा कितीतरी डॉलर स्वस्त होतं. कोविडने दुकानं ओस पडली होती आणि चीनमधून सोनं बाहेर नेण्यावर कडक बंधनं असल्यामुळे साचलेला माल लंडनला जाऊन फरक मिटवू शकत नव्हता. २०२४ च्या उत्तरार्धातही काही आठवडे शांघाय उतरत्या भावात होतं. दोन्ही वेळा जागतिक भाव नव्या उंचीवर होता. म्हणजे चीनची दुकानं थंड असतानाही तेजी होऊ शकते, आणि झाली आहे.

म्हणून फरक बघताना सोबत युआन बघायचा. फरक चढा आणि युआन स्थिर किंवा मजबूत असेल, तर ती खरी भूक. फरक चढा आणि युआन घसरता, तर आधी कोट्याची चौकशी करायची.

तिसऱ्या खरेदीदाराबद्दल, म्हणजे पीपल्स बँक ऑफ चायना या सरकारी मध्यवर्ती बँकेबद्दल, जितकं बोललं जातं तितकं त्यात बघण्यासारखं नाही. एप्रिल २००९ मध्ये त्यांनी एकदम जाहीर केलं की साठा ६०० टनांवरून १,०५४ टन झालाय. मग २०१५ पर्यंत मौन आणि पुन्हा अचानक १,६५८ टन. या दोन घोषणांच्या मधल्या सहा वर्षांत ‘चीन खरेदी करत नाही’ असं मानणारे सगळे चुकले होते. नोव्हेंबर २०२२ पासून सलग अठरा महिने त्यांनी खरेदी दाखवली आणि साठा २,२६४ टनांवर नेला. रशियाचा परकीय साठा पश्चिमेने गोठवला त्याच वर्षी हे सुरू झालं, आणि कुणाच्या हुकमाने गोठणार नाही अशी ठेव म्हणून सोन्याकडे बघितलं जातंय हे उघड आहे. मे २०२४ मध्ये त्यांनी खरेदी दाखवली नाही. ७ जूनला हा आकडा आला, त्याच दिवशी अमेरिकेतल्या रोजगाराचे आकडे अपेक्षेपेक्षा तगडे निघाले, आणि सोनं तीन टक्क्यांहून जास्त पडलं. त्या दिवशी घाबरून विकणाऱ्याने चार महिन्यांत २,७०० च्या वरचा भाव बघितला. नोव्हेंबर २०२४ पासून बँकेची खरेदी पुन्हा दिसू लागली. सोन्याचा वाटा त्यांच्या एकूण गंगाजळीत २०२४ अखेर साडेपाच टक्क्यांच्या आसपासच होता. इतक्या कमी वाट्यावर ते कायमचे थांबतील असं मला वाटत नाही, पण कोणत्या महिन्यात घेतील यावर पैज मी लावणार नाही.

सगळं श्रेय चीनला देऊ नका. ऑक्टोबर २०२५ मध्ये सोन्याने ४,००० डॉलरचा टप्पा ओलांडला तो ८ तारखेला. त्या दिवशी शांघाय बंद होतं. १ ते ८ ऑक्टोबर चीनमध्ये राष्ट्रीय दिनाची आणि शरद पौर्णिमेच्या सणाची सुट्टी होती. इतिहासातला एवढा मोठा टप्पा चिनी खरेदीदार घरी जेवत असताना पार झाला. तो पश्चिमेतल्या ईटीएफच्या पैशाने झाला. २०१३ मध्ये हेच फंड विकत होते आणि काकू घेत होत्या. २०२५ मध्ये दोघं एका बाजूला आले, आणि तेजीची धार त्यातून आली.

आता तुमच्या गिऱ्हाइकाचं. घरात लग्न असेल तर चीनमध्ये दागिने कमी खपतात म्हणून भाव उतरेल अशी वाट बघायला सांगू नका. ती घट चढ्या भावाची, लग्नांच्या संख्येची आणि कराची आहे, भावावर तिचा भार थोडा. दोन-तीन हप्त्यांत घेऊ द्या. मोठी घसरण यायची असेल तर ती पश्चिमेतले फंड आणि शांघायचे वायदेवाले एकाच वेळी बाहेर पडतील तेव्हा येईल. २१ ऑक्टोबर २०२५ ला दिवसात पाच टक्क्यांहून जास्त पडलं, तशी. तेव्हा शांघायचा फरक बघा. भाव पडतोय आणि फरक वाढतोय, तर खाली झेलणारे उभे आहेत. भाव पडतोय आणि शांघायसुद्धा उतरत्या फरकात आहे, तर पेढीवरचा साठा हलका ठेवा. आणि चिनी नववर्षाआधीचे सहा-आठ आठवडे, जेव्हा तिथले दुकानदार माल भरतात, त्या काळातला चढा फरक नेहमीचाच धरा. नववर्ष सरल्यावरही तो टिकला तर मला पुन्हा लिहा, कारण तेव्हा विचारण्यासारखं काहीतरी घडत असेल.